जिंकल्या गेलेल्यांना काम कोण नेमून देतं?

एका ओसाड ग्रहावर जेमहडार सैनिकांची तुकडी अडकून पडली आहे. त्यांचा व्होर्टा अधिकारी किव्हॅन जखमी आहे. ज्या द्रवावर हे सैनिक जगतात त्या केट्रासेल व्हाइटची एकच कुपी उरली आहे. ती संपली की सैनिक बेभान होतील आणि समोर येईल त्याला, शेवटी एकमेकांनाही मारतील, हे किव्हॅनला ठाऊक आहे. म्हणून तो शत्रूच्या कप्तानाशी, सिस्कोशी सौदा करतो. माझी माणसं कुठून चालून येणार ते सांगतो, तुम्ही त्यांना संपवा आणि मला कैदी म्हणून सोबत न्या. सिस्कोच्या मनाला हे पटत नाही. तुकडीचा म्होरक्या रेमाटाक्लान याला तो सगळं सांगून टाकतो आणि शरण यायला विनवतो. रेमाटाक्लानला दगा आधीच ओळखू आलेला असतो. तरीही तो नकार देतो. हे आयुष्य माझं नाही आणि कधी नव्हतंच, एवढंच त्याचं उत्तर. मग तो ठरल्या जागी ठरल्या वेळी आपल्या माणसांना घेऊन येतो आणि सगळे मारले जातात.

‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या अमेरिकी मालिकेतला हा १९९७चा प्रसंग. मालिका १९९३ ते १९९९ अशी सात वर्षं चालली. परग्रहावरच्या साम्राज्यांबद्दल दूरचित्रवाणीवर इतक्या सविस्तर आणि इतक्या गांभीर्याने फार थोडं काही झालं आहे. रेमाटाक्लानचा प्रसंग निष्ठेची शोकांतिका म्हणून पाहिला जातो. सैनिक थोर, अधिकारी नीच, असा त्याचा अर्थ लावून प्रेक्षक हळहळतो. ही हळहळ मला अपुरी वाटते. निष्ठा म्हणायची तर माणसाला दुसरं काही करता येणं शक्य असावं लागतं. रेमाटाक्लानला ते कधीच शक्य नव्हतं. जन्माला येण्याआधीच त्याचं काम ठरलेलं होतं आणि ते काम सोडलं तर शरीरच चालणार नाही अशी व्यवस्था त्याच्या शरीरात करून ठेवली होती. या व्यवस्थेबद्दल बोलायला हवं, आणि मराठी वाचकाने तर नक्कीच बोलायला हवं, कारण जन्माने काम ठरवण्याची व्यवस्था आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

विज्ञानकथांमधली बहुतेक साम्राज्यं जिंकलेल्यांना दोनच जागा देतात. एक तर ते खाणीत बेड्या घालून राबतात, नाहीतर डोंगरात लपून बंड करतात. वाचायला हे सोपं जातं, कारण कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे पहिल्या पानावरच ठरतं. पण अशा पद्धतीने एकही साम्राज्य चाललेलं नाही आणि चालणारही नाही. जेत्यांची संख्या नेहमीच तोकडी असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात दोन लाखांहूनही कमी युरोपीय होते आणि लोकसंख्या तीस कोटींच्या आसपास होती. सारा वसूल करणारा, खटल्याचे कागद लिहिणारा, गोदामाच्या दाराशी पहारा देणारा, मोर्चावर गोळी चालवणारा, हे सगळे इथलेच होते. साम्राज्य समजून घ्यायचं तर या मधल्या माणसांकडे पाहावं लागतं, आणि कल्पित साम्राज्यालाही हाच निकष लावायला हवा. ‘डीप स्पेस नाइन’मधलं डोमिनियन हे साम्राज्य या निकषावर इतर पुष्कळ कल्पित साम्राज्यांपेक्षा खरं उतरतं.

डोमिनियनचे धनी म्हणजे ‘संस्थापक’. हवं ते रूप घेऊ शकणारे हे द्रवरूप जीव संख्येने थोडे आहेत आणि बहुतेक काळ आपल्या ग्रहावर एकमेकांत मिसळून एका महासागरासारखे पडून असतात. राज्य करायला ते स्वतः फारसे बाहेर पडत नाहीत. राज्य चालवतात व्होर्टा: तह करायचे, हुकूम पोहोचवायचे, गोड बोलून माणसं गळाला लावायची, हिशेब ठेवायचा. लढायचं काम जेमहडारांचं. केरेमासारख्या जमाती व्यापार सांभाळतात. आणि टेप्लान नावाच्या लोकांना वेगळंच काम दिलेलं आहे. त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी डोमिनियनला विरोध केला होता. त्याबद्दल त्यांच्या रक्तात एक असाध्य रोग सोडला गेला, आणि पिढ्यान् पिढ्या त्या रोगाने मरत राहायचं, इतरांनी ते पाहायचं, हीच त्यांची साम्राज्यातली भूमिका झाली. दहशतीचा नमुना म्हणून जिवंत राहणं हेसुद्धा जिंकलेल्यांच्या वाट्याला येणारं एक काम असतं, ही समज मला या मालिकेच्या मोठ्या गुणांपैकी एक वाटते.

व्होर्टांची कथा नीट ऐकण्याजोगी आहे. वेयुन हा व्होर्टा ती सांगतो. पूर्वी ते झाडांवर राहणारे, भेदरट, वानरांसारखे जीव होते. एकदा एक जखमी संस्थापक पाठलाग चुकवत त्यांच्या जंगलात आला. एका कुटुंबाने त्याला लपवलं. त्या उपकाराच्या बदल्यात त्याने वचन दिलं की एक दिवस तुम्ही महान साम्राज्याच्या केंद्रस्थानी असाल. वचन पाळलं गेलं. त्यांना बुद्धी मिळाली, भाषा मिळाली, अधिकार मिळाला. त्याचबरोबर संस्थापकांना देव मानण्याची ओढही त्यांच्या जनुकांत घातली गेली. संस्थापकांच्याच वंशातला पण सिस्कोच्या बाजूने असलेला ओडो त्याला म्हणतो की तुझी श्रद्धा तर त्यांनीच तुझ्यात रुजवली आहे. वेयुनला यात काही वावगं वाटत नाही. देवांनी भक्त घडवले नाहीत तर देव असण्याचा उपयोग काय, असं तो शांतपणे विचारतो.

हे ऐकताना मला पुरुषसूक्त आठवतं. मुखातून कोण, बाहूंतून कोण, पायांतून कोण. काम आधी, माणूस नंतर, आणि या दोन्हींवर दैवी शिक्का. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६मध्ये मांडलं होतं की जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. डोमिनियनमध्ये तेच, फक्त प्रयोगशाळेच्या काटेकोरपणे केलेलं. व्होर्टाला सौंदर्याची जाणीव नाही, चित्र कसं पाहावं हे त्याला कळत नाही, कारण त्याच्या कामाला त्याची गरज नाही. जेमहडार जेवत नाही, झोपत नाही. त्यांच्यात वीस वर्षं जगलेल्याला ज्येष्ठ म्हणून मान मिळतो आणि तिशी तर कुणीच पाहिलेली नसते. व्हाइटच्या कुप्यांची पेटी व्होर्टाच्या ताब्यात असते आणि त्या वाटण्याचा विधी होतो. त्या विधीत निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय कुपी मिळत नाही. गावकीची कामं जन्माने बांधलेली असणं, बलुतं हातात पडण्याआधी दाराशी उभं राहावं लागणं, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सोसलं आहे त्यांना तो विधी पाहताना पोटात कालवल्यासारखं होईल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. व्होर्टा आणि जेमहडार हे जिंकलेले लोक कुठे आहेत? ते तर घडवलेले आहेत. हत्याराला गुलाम कसं म्हणायचं? पण व्होर्टांना जंगल आठवतं, निदान त्याची कथा आठवते. त्यांना तलवारीऐवजी वरदान देऊन जिंकलं गेलं, एवढाच फरक. जेमहडारांबद्दल तर मालिकाच उत्तर देऊन ठेवते. १९९५मधल्या एका भागात गोरानआगर नावाचा जेमहडार भेटतो. काही नैसर्गिक योगायोगाने त्याला व्हाइट लागत नाही. शत्रूच्या डॉक्टरला पकडून तो एकच मागणी करतो: माझ्या माणसांनाही यातून सोडव. साम्राज्याशी लढायचं असं तो म्हणत नाही, सूड घ्यायचा असंही म्हणत नाही. आपल्या तुकडीला या कामातून बाहेर पडता यावं, इतकंच त्याला हवं असतं. ते घडत नाही. डॉक्टर बशीरच्या सोबत्याला शत्रूचे सैनिक व्यसनमुक्त होणं धोक्याचं वाटतं आणि तो सगळं संशोधन नष्ट करतो. गोरानआगर मागेच राहतो, आपल्या माणसांना तडफडून मरू न देता स्वतःच्या हाताने संपवण्यासाठी. जो असं करतो त्याला हत्यार म्हणता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की जिंकलेल्या लोकांबद्दल निवाडा करताना ‘कुणाच्या बाजूने काम केलं’ हा प्रश्न दुय्यम ठेवावा. ते काम कुणी नेमून दिलं, ते सोडता येत होतं का, सोडलं असतं तर काय भोगावं लागलं असतं, आणि ते करताना आपल्याच माणसांपैकी कुणाला आणखी खाली दाबलं गेलं, हे आधी विचारावं. अंगावरचा गणवेश पाहून यातलं काहीच कळत नाही.

मालिकेतल्याच बेजोर या ग्रहाची कथा यासाठीच मोलाची आहे. कार्डेशिया या दुसऱ्या साम्राज्याने बेजोरवर जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. ग्रह ओरबाडला, लोकांना छावण्यांत राबवलं, लाखोंचा जीव घेतला. शेवटचा कार्डेशियन प्रशासक गुल डुकाट नंतर आपली बाजू मांडतो ती प्रत्येकाने ऐकावी. मी आल्यावर छावण्यांमधली कामाची सक्ती निम्म्यावर आणली, मुलांना कामाला लावणं बंद केलं, शिधा वाढवला, औषधोपचार सुधारले, मृत्यूचं प्रमाण कमी केलं, आणि तरी त्या लोकांनी बॉम्ब फेकला. मग मला दोनशे बेजोरी लोकांना देहदंड द्यावा लागला. बेजोरवर माझा एकही पुतळा नाही याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. साम्राज्याने केलेल्या सुधारणांची यादी आपल्याकडेही आजवर वाचली जाते: रेल्वे, टपाल, कायदा, शाळा. यादी खोटी नसते, डुकाटचीही खोटी नव्हती. पण आपल्याला काय हवं हे बेजोरच्या लोकांना विचारायचं राहून जात होतं असं नाही. विचारलं असतं तर राज्यच उरलं नसतं.

अशा राज्यात बेजोरी माणसं काय काय करत होती? काई ओपाका ही त्यांची सर्वोच्च धर्मगुरू. तिने बंडखोरांच्या एका छुप्या तळाचा ठावठिकाणा कार्डेशियनांपर्यंत पोहोचू दिला. न दिला असता तर तो तळ शोधण्यासाठी आख्खं खोरं, बाराशे माणसं, मारली जाणार होती. तळावरचे त्रेचाळीस बंडखोर मारले गेले. त्यांत ओपाकाचा स्वतःचा मुलगा होता. स्वातंत्र्यानंतर या प्रकरणाची चौकशी होते तेव्हा बराइल हा धर्मगुरू ओपाकाचं नाव राखण्यासाठी आळ स्वतःवर घेतो. परिणामी त्याच्याजागी विन ही महत्त्वाकांक्षी बाई काई होते. एका निर्णयाचं सत्य लपवल्यामुळे पुढचं सगळं धर्मकारण वाकडं होतं. ओपाकाला फितूर म्हणणारा माणूस मला घाईत असल्यासारखा वाटतो. तिला निर्दोष म्हणणाराही तितक्याच घाईत असतो. त्या त्रेचाळीस घरांना उत्तर मिळायला हवं होतं, आणि उघडपणे मिळायला हवं होतं.

किराची आई मेरू हिची गोष्ट याहून अवघड. किरा नेरिस ही बेजोरच्या लढ्यात वाढलेली, कार्डेशियनांना मारलेली स्त्री. तिला उशिरा कळतं की आपली आई छावणीतून जबरदस्तीने नेली गेली आणि पुढे डुकाटची सोबतीण बनून राहिली. कालप्रवासाने किरा त्या काळात जाते, आईला ऐषआरामात पाहते आणि डुकाटसकट तिला उडवून द्यायला निघते. मग तिला दिसतं की आई तिच्या नवऱ्याचा ध्वनिचित्र-संदेश पाहते आहे. तुझ्यामुळे मुलांना अन्न मिळतंय, औषधं मिळतायत, असं तो सांगतो. त्या मुलांतली एक म्हणजे किराच. जिने साम्राज्याविरुद्ध शस्त्र घेतलं ती साम्राज्याच्या अन्नावर जगली होती आणि त्या अन्नाची किंमत दुसऱ्या एका बाईने चुकवली होती. किरा शेवटी आईला वाचवते, पण तिला माफ करत नाही. हे मला खरं वाटतं. निवाडा करताना दया दाखवणं आणि जे घडलं ते पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि किरा त्यांची गल्लत करत नाही.

पण हे लेखक जिथे कमी पडले तेही सांगायला हवं, कारण नेमकं तिथेच आपल्याला काही सांगण्यासारखं आहे. १९९६मधल्या एका भागात कळतं की पूर्वी बेजोरमध्ये जात होती. तिला ते ‘जारा’ म्हणतात. कुणी कलावंत घराण्याचं, कुणी शेतकरी, कुणी प्रेतं हाताळणारं. किरा जन्माने कलावंत जातीची. कार्डेशियन आले तेव्हा सगळ्यांनी लढायचं म्हणून ही व्यवस्था सोडून दिली गेली. मग अकोरम लान हा दोन शतकांपूर्वीचा कवी अवचित परत येतो, स्वतःला देवदूत समजतो आणि सगळ्यांनी जन्मजात कामावर परत जावं असा आदेश देतो. लोक निमूट ऐकू लागतात. किरासुद्धा नोकरी सोडून मूर्तिकाम शिकायला बसते, आणि तिला ते जमत नाही. प्रेतं हाताळणाऱ्या इमुता जातीत जन्मलेला एक धर्मगुरू पद सोडायला नकार देतो, तेव्हा दुसरा धर्मगुरू त्याला ढकलून मारतो. हे सगळं एका भागात. शेवटी देव त्या कवीला त्याच्या काळात परत पाठवतात आणि जातीचा प्रश्न संपतो. पुढच्या तीन वर्षांत तो पुन्हा उगवत नाही.

असे प्रश्न असे संपत नाहीत. पन्नास वर्षं न पाळलेली जात एका हुकमासरशी उसळून वर येते, हे लेखकांनी अचूक पकडलं. पण याहून मोठा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. कार्डेशियन पहिल्यांदा बेजोरवर उतरले तेव्हा इमुता माणसाला काय वाटलं असेल? ज्याला देवळात जागा नव्हती, ज्याच्या हातचं कुणी घेत नव्हतं, त्याला कार्डेशियन छावणीत शिधावाटपाचं काम मिळालं तर त्याने ते नाकारायचं कुणासाठी? मालिकेत बेजोर हा एक समाज आहे आणि कार्डेशिया त्याचा शत्रू. पण जिंकला जाणारा समाज असा एकसंध कधीच नसतो. त्याच्या आत आधीपासून जेते आणि जित असतात.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाला कंपनीच्या फौजेतून लढलेल्या महार सैनिकांबद्दल आजही जो वाद होतो तो याच अंधत्वामुळे. तिथल्या विजयस्तंभावर कोरलेल्या एकोणपन्नास नावांत बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ‘ते परक्यांसाठी लढले’ असं म्हणणाऱ्याने सांगावं की पेशवाईत त्यांना आपलं कोण म्हणत होतं. त्यांच्यासाठी बंदूक हातात घेणं म्हणजे गावाने जन्माने लादलेल्या कामातून बाहेर पडणं होतं. जेमहडारांच्या बाबतीत सैनिकी हेच लादलेलं काम. दोन्हीकडे काम एकच, साम्राज्याची शिपाईगिरी, पण एकाला त्यातून सुटका मिळते आणि दुसऱ्याला त्यात जखडलं जातं. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले ते कंपनीचं कौतुक करायला नव्हे. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, आणि एका पिढीला लष्कराच्या शाळेने काय दिलं हे त्यांना घरातच कळलेलं होतं.

पण साम्राज्याने दिलेली सुटका साम्राज्याच्या सोयीपुरती असते, हेही त्याच इतिहासात आहे. १८९२च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. कोण लढाऊ जमात आणि कोण नाही, याचं नवं शास्त्र त्यांनी शोधून काढलं होतं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१०मध्ये. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१मध्ये मोडण्यात आली. पुढची उभी राहिली ती १९४१मध्ये, दुसऱ्या महायुद्धात. कुणी कुठलं काम करायचं हे ठरवण्याचा हक्क साम्राज्याने क्षणभरही सोडला नाही. १९३०च्या गोलमेज परिषदेत लंडनला बाबासाहेबांनी हेच विचारलं. तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आता येतं का? तुमच्या आधी देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? लष्कराचं दार आता आम्हाला उघडं आहे का? जुना कोट नमुना म्हणून दिला तर त्यावरच्या फाटक्या जागा आणि ठिगळांसकट हुबेहूब नवा कोट शिवून देणाऱ्या शिंप्याचा दाखला त्यांनी इंग्रज सरकारला दिला होता. साम्राज्यामुळे काहींना वाट मिळाली, हे ते नाकारत नव्हते. त्या वाटेबद्दल कायमचं ऋणी राहायला मात्र त्यांनी नकार दिला. या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारं पात्र ‘डीप स्पेस नाइन’मध्ये नाही, आणि माझ्या वाचनात आलेल्या परग्रहांच्या कथांमध्येही मला ते क्वचितच भेटलं आहे.

जोतीराव फुल्यांकडेही हीच ताकद होती. इंग्रजी राज्याने शूद्रातिशूद्रांना शाळेचं दार किलकिलं केलं, याचं मोल ते जाणत होते. तरी १८८८मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॉनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राणीच्या मुलाला सुनावलं की इथे नटूनथटून बसलेले लोक म्हणजे तुमची प्रजा नव्हे. आपल्याकडे विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी परग्रहावरचं साम्राज्य रंगवायला घेतलं तर त्यांना उसन्या बंडखोरांची गरज नाही. कुठल्यातरी दूरच्या ग्रहावर परक्या सत्तेसमोर उभा राहून स्वतःच्या समाजातल्या सत्तेचाही हिशेब मागणारा माणूस आपण लिहू शकतो. तो लिहिण्यासाठी लागणारा अनुभव आपल्या घरात आहे.

मालिकेच्या शेवटच्या टप्प्यात पारडं फिरतं. कार्डेशिया १९९७मध्ये स्वखुशीने डोमिनियनमध्ये सामील झालेला असतो, जेता म्हणून मिरवायच्या आशेने. दोन वर्षांत तो मांडलिक होतो. तिथला सत्ताधीश डामार नुसता सह्या करायला उरतो. तो बंड करतो तेव्हा त्याला बंड कसं करायचं हे शिकवायला किरालाच पाठवलं जातं, म्हणजे ज्यांच्यावर त्याच्या लोकांनी राज्य केलं त्यांच्यातलीच एक. डामारची बायको आणि मुलगा डोमिनियनकडून मारले जातात. तो सुन्न होऊन विचारतो की निरपराध बायकामुलांना मारण्याचे हुकूम देणारे हे कसले लोक. किरा त्याचाच प्रश्न त्याला परत विचारते. ते वाक्य क्रूर आहे आणि आवश्यकही आहे, कारण जेत्याने स्वतः जिंकलं गेल्यावर दुःखाचा उपयोग आधीचा हिशेब पुसायला करू नये. डामार ते ऐकतो. पुढे जुन्या कार्डेशियाच्या गौरवासाठी लढणाऱ्या, किरावर पिस्तूल रोखणाऱ्या आपल्याच मित्राला तो गोळी घालतो. जेत्यांच्या समाजातही एखादा माणूस नेमून दिलेल्या भूमिकेतून बाहेर पडू शकतो, हे मालिकेने दाखवलेलं मला मोलाचं वाटतं.

मग युद्ध संपतं. शरणागतीच्या कागदांवर संस्थापकांच्या वतीने सही होते. ओडो आपल्या आजारी लोकांना बरं करायला आणि काही शिकवायला त्यांच्यात परततो. जेमहडार मात्र कुठल्याही चर्चेत नाहीत. युद्धात सर्वांत जास्त मरणारे तेच, आणि तह होताना त्यांच्या वतीने बोलायला कुणी बसलेलं नाही. उरलेल्या सैनिकांना व्हाइट कोण देणार, कुठल्या शपथेवर देणार, नवे जेमहडार घडवणं चालू राहणार की थांबणार, हे विजयी बाजूचा एकही प्रतिनिधी विचारत नाही. सिस्को ज्यांच्या बाजूने लढतो त्या फेडरेशनला आपण न्यायी असल्याचा विश्वास आहे, पण तहाच्या बाकावरचा हा पहिला प्रश्न त्यांना सुचला नाही. गोरानआगरने एका डॉक्टरला विचारलेल्या गोष्टीला चार वर्षांनंतरही उत्तर मिळालेलं नाही. पुढे कुणी या विश्वातली गोष्ट लिहायला घेणार असेल तर तिची सुरुवात त्या सैनिकांपासून व्हावी: व्हाइटची पेटी कुणाच्या ताब्यात आहे, आणि सैनिकी सोडून त्यांतल्या एखाद्याला शेती करायची असेल तर ते शक्य आहे का, इथपासून.